पडवीतलं शिसं

कोकणातल्या मासेमारीचा इतिहास लिहायला बसलं की माणसं होड्या मोजतात. गलबतं किती होती, यांत्रिक नौका कधी आल्या, धक्का कधी बांधला, बर्फाचा कारखाना कधी निघाला. हे सगळं लिहायलाच हवं. पण होडी पाण्यात जायच्या आधी घराच्या पडवीत जे काम होतं, त्याचा हिशेब कुठल्या वहीत सापडत नाही. जाळ्याला साल चढवणं, गरीला दोरी बांधणं, शिसं वितळवून वजनं पाडणं, पिसं बांधणं, रंग देणं ही कामं म्हाताऱ्यांची, बायकांची आणि पोरांची. मासा बंदरावर उतरतो तेव्हा त्याची नोंद होते. ही कामं त्याच्या कितीतरी आधी उरकलेली असतात, म्हणून ती नोंदीबाहेर राहतात.

आमचं घर वाघोटण खाडीच्या दक्षिण काठावर, विजयदुर्गापासून थोडं आत. घर गाबीताचं. मोठी होडी आमच्याकडे कधीच नव्हती. एक लहान होडकं, एक पाग आणि गरवायचं सामान, एवढ्यावर तीन पिढ्या निघाल्या. गरी म्हणजे गळ, आणि गरवणं म्हणजे गळ टाकून मासा धरणं, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. पाग म्हणजे एकट्या माणसाने फेकायचं गोल जाळं. ते हवेत ताटासारखं उघडतं आणि काठाला ओवलेल्या शिशाच्या वजनाने पाण्यात बसतं. पागाला आणि गरीला, दोघांनाही शिसं लागतं. तेव्हा ही गोष्ट शिशाची आहे, आणि त्या शिशावर आम्ही वेळोवेळी जे रंग चढवले त्यांची.

गरी ही माणसाची फार जुनी वस्तू. हडप्पा संस्कृतीच्या वसाहतींतून तांब्याचे गळ निघालेत, त्यांतल्या काहींना आपल्या आजच्या गरीसारखा उलटा काटाही आहे. जाळ्याला बांधायची भाजक्या मातीची वजनंही त्यांच्याबरोबर सापडतात. म्हणजे शिसं नव्हतं तिथे माती होती, दगड होता. शिसं आपल्याकडे कसं आलं त्याचाही माग लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत तांबं आणि कथलाबरोबर शिसंही आहे. त्याच पुस्तकात आपल्या चौलचंही नाव येतं. आणि सातवाहनांनी तर शिशाची नाणी पाडली, ती महाराष्ट्रात आजही शेतात नांगराला लागतात. बाजारात चालणारं नाणं वितळवून कुणी जाळ्याला बांधलं असेल का, हा प्रश्न मला उगाच गंमतीचा वाटतो.

गरवण्यावर पुस्तकही आपल्या जवळच लिहिलं गेलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा एक भागच आहे. कुठले मासे समुद्रातले, कुठले नदीतले, त्यांना काय खायला घालावं, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा, असं सगळं त्यात येतं. राजाच्या दृष्टीने तो विनोद, म्हणजे करमणूक. आमच्याकडे तो संध्याकाळच्या कालवणाचा प्रश्न होता. पण दोरी, काठी आणि गळ यांची काळजी दोघांनाही सारखीच करावी लागली.

आता माझ्या आठवणीतल्या काळाकडे येतो. माझा जन्म १९५०च्या दशकातला. मी कळता झालो तेव्हा आमच्या वाडीत जाळी सुताची आणि तागाची होती. सुती जाळं खाऱ्या पाण्यात फार दिवस टिकत नाही, कुजतं. म्हणून त्याला साल द्यावी लागे. ऐनाच्या झाडाची साल आणायची, ठेचायची, मोठ्या भांड्यात दिवसभर उकळायची. पाणी काळपट तांबडं झालं की त्यात जाळं बुडवून ठेवायचं आणि मग वाळवायचं. सालीतला तुरट रस, ज्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात, तो सुतात शिरतो आणि कुजणं लांबवतो. कातडी कमावतात तीही ह्याच रसाने. हे एकदा करून भागत नसे. हंगामात पुन्हा पुन्हा करावं लागे. जाळी ओढणारे हात पुरुषांचे, पण साल ठेचणारे आणि भांड्याखाली लाकूड सारणारे हात आजीचे आणि आत्याचे. त्यांच्या तळव्यांना तो तांबडा रंग कायमचा बसलेला होता. लग्नकार्यात मेंदी काढली तरी खालून सालीचा रंग दिसे.

मग नायलॉन आलं. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ते १९३८ साली जाहीर केलं होतं. आमच्या खाडीत ते साठच्या दशकात पोचलं. नायलॉन कुजत नाही, म्हणजे साल नको. दोन-चार वर्षांत वाडीतली सालीची भांडी पालथी पडली. एक आमच्या परड्यात गुरांना पाणी ठेवायला राहिलं. गरीची सुताची दोरी जाऊन तंगूस आला. पाण्यात तो दिसत नाही, माशाला संशय येत नाही. बायकांचा मोठा त्रास वाचला, हे खरंच. पडवीतलं एक काम संपलं. पण शिशाचं काम संपलं नाही. उलट वाढलं, कारण नायलॉन सुतापेक्षा हलकं, पाण्यात तरंगू पाहणारं. त्याला खाली बसवायला वजन जास्त लागतं.

शिसं आम्हाला विकत आणावं लागलेलं मला आठवत नाही. ते मिळत जाई. चहाच्या जुन्या पेट्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असे. जुन्या टेलिफोनच्या तारांवर शिशाचं वेष्टण असे. नंतर ट्रकच्या बॅटरीच्या फुटक्या पट्ट्या आल्या, मोटारीच्या चाकाला लावतात ती छोटी वजनं आली. भंगारवाला गोणीत घेऊन येई आणि सुक्या माशांवर सौदा होई.

वितळवायला चूल पुरते. शिसं ३२७ अंशांना पातळ होतं. लोखंडाला जिथे भट्टी लागते तिथे शिशाला लाकडाचा चांगला जाळ बास. लोखंडी कढईत तुकडे टाकायचे. थोड्या वेळाने ते आतून ओले झाल्यासारखे दिसतात आणि एकदम पारा होतात. वर राखाडी साय धरते, ती पळीने बाजूला सारायची. साचा आजोबांनी मंगलोरी कौलाचा केलेला. मंगळुरात बाझेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि पुढे ती कौलं गलबतांनी कोकणभर आली. फुटलेलं कौल आमच्याकडे कुणी टाकत नसे. आजोबांनी दोन तुकडे एकमेकांवर पाणी घालून इतके घासले होते की मधून प्रकाश दिसू नये. मग खिळ्याने दोन्हीत अर्धा अर्धा खळगा कोरला. एका बाजूला चार लांबट वजनं, दुसऱ्या बाजूला तीन गोल डोकी. तुकडे तारेने बांधायचे, वरच्या भोकातून ओतायचं, शंभर आकडे मोजायचे आणि उघडायचं. आत चकचकीत नवंकोरं शिसं.

साचा ओला असता कामा नये, हा पहिला नियम. शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं उडतं. म्हणून साचा आठ-आठ दिवस चुलीमागे ठेवलेला असे. आजोबांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे ठिपके होते, ते कधीतरी हा नियम मोडल्याचे.

ओतायचं काम आजोबांचं आणि पागाला शिसं बसवायचं काम आत्याचं. पागाच्या काठाला शेकडो मणी लागतात. शिशाची बारीक पट्टी दोरीभोवती गुंडाळायची आणि दाबायची. आत्या ती दाताने दाबायची. तिच्या शेजारी पकड पडलेली असे, पण ती घ्यायची नाही.

"दातान दाबलां की घट बसता," ती म्हणायची. "पकडीन दोर तुटता."

एका पागाला तिचे तीन-चार दिवस जात. वाडीतल्या पाच-सहा घरांचे पाग तिच्याकडे येत. आजही कुठे म्हातारा पाग सापडला तर त्याच्या मण्यांवर बारीक खाचा दिसतात. त्या तिच्या दातांच्या आहेत, हे सांगायला आता मीच उरलो आहे.

आजोबांचं खास काम वेगळं. ते साच्यातल्या गोल डोक्यात ओतायच्या आधीच गरी बसवत. म्हणजे शिसं गोठलं की डोकं आणि गरी एकजीव. त्याच्या मानेला कोंबड्याची पांढरी पिसं दोऱ्याने बांधायची. हे पाण्यात सोडून हाताने झटके देत वर-खाली नाचवलं की मोठ्या माशाला वाटतं, छोटा मासा जखमी होऊन धडपडतोय. चोणक, तांबोशी, गोबरा असले शिकारी मासे त्यावर येतात. इंग्रजी मुलखात याला जिग म्हणतात. आजोबांना तो शब्द माहीत नव्हता. ते त्याला 'नाच्या' म्हणत.

नाच्याच्या डोक्याला ते रंग देत, आणि तो रंग म्हणजे शेंदूर. वाडीच्या मारुतीला शनिवारी चढतो तोच, खोबरेल तेलात कालवलेला. डोकं तांबडं, पिसं पांढरी. मी एकदा विचारलं, "आजोबा, माशाक लाल दिसता काय?"

"ता माशाक इचार. माका कित्याक इचारतस?"

पुढे शाळेत शिकलो तेव्हा उत्तर थोडंफार मिळालं. पाण्यात उजेड खाली जातो तसा सगळ्यात आधी लाल रंग शोषला जातो. काही मीटरांखाली लाल वस्तू लाल राहत नाही, काळपट दिसते. म्हणजे खोल पाण्यात माशाला दिसत असणार एक काळं डोकं आणि पांढरं अंग. पण काळ्या-पांढऱ्याचा तो फरकच गढूळ पाण्यात उठून दिसतो. आजोबांचा रंग बरोबर होता, कारण मात्र त्यांना वाटत होतं ते नसावं.

आणखी एक गोष्ट शाळेने शिकवली. शेंदूर स्वतःच शिसं आहे. शिसं हवेत दीर्घकाळ तापवलं की त्याचं जे तांबडं भस्म होतं, तोच शेंदूर. लोखंडी जहाजांना गंज लागू नये म्हणून 'रेड लेड' नावाचा जो थर देत, तोही हाच. म्हणजे आजोबा शिशाला शिशाचीच पूड फासत होते. तीच बोटं मग तंबाखूच्या डबीत जात.

असला नाच्या फक्त आमच्याकडेच होता असं नाही. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड बेट आहे. तिथले कोळी कॉड माशासाठी शिशाचा छोटा मासा ओतत आणि त्याच्या तोंडाशी दोन गळ बसवत. आमिष काहीच नाही. दोरी हाताने वर-खाली करायची, बस्स. पिढ्यानुपिढ्या ते असे कॉड धरत आले. मग मोठमोठी कारखाना-जहाजं आली आणि दशकांत समुद्र रिकामा झाला. जुलै १९९२मध्ये कॅनडाच्या सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हजारो घरांचं काम एका दिवसात गेलं. हाताने झटके देणाऱ्यांनी समुद्र रिकामा केला नव्हता, पण बंदी आली तेव्हा शिशाचा मासा त्यांच्याही घरात खिळ्याला टांगला गेला.

अमेरिकेत तळ्यांच्या मुलखात थंडीचे महिने घरात बसून जिग ओतण्याचा मोठा नाद आहे. अॅल्युमिनियमचे साचे दुकानात मिळतात. तळघरात, गॅरेजमध्ये माणसं शिसं वितळवतात आणि शंभर-शंभर डोकी पाडून ठेवतात. पूर्वी ती ब्रशने रंगवत. पण शिशावर साधा रंग टिकत नाही. दगडावर दोनदा आपटला की टवका उडतो. त्यावर तोडगा म्हणून पावडरचा रंग आला. ही पावडर मासेमारीसाठी निघालेली नाही. १९५०च्या दशकात जर्मनीत एक युक्ती निघाली. रंगाच्या कोरड्या भुकटीतून खालून हवा सोडायची, म्हणजे भुकटी पाण्यासारखी उकळू लागते, आणि तापवलेली वस्तू त्यात बुडवायची. भुकटी वस्तूला चिकटून वितळते आणि थर बसतो. पुढे विजेच्या भाराने पावडर फवारणाऱ्या बंदुका आल्या. आज तुमच्या घरातला पंखा, लोखंडी कपाट, खिडकीची चौकट, सायकल, सगळं पावडर कोटिंगचंच असतं. त्यात थिनर नाही, वास नाही, ओघळ नाही.

आमच्या घरात ही पावडर आणली पुतण्याने. तो घाटावर एका कारखान्यात पावडर कोटिंगच्या खात्यात होता. २०२०च्या टाळेबंदीत काम सुटलं आणि बायकोला घेऊन गावी आला. पुढच्या वर्षी मुलगी झाली. हातात दुसरा धंदा नव्हता. खाडीवर तेव्हा पुणे-मुंबईचे हौशी लोक काठी-रीळ घेऊन यायला लागले होते. त्यांच्या हातातले परदेशी जिग त्याने पाहिले, किंमत ऐकली, आणि माळ्यावरून आजोबांचा कौलाचा साचा खाली काढला.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. डोकं साच्यातून काढून कानशीने साफ करायचं. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर काही सेकंद फिरवायचं. जास्त तापलं तर पावडर जळून फोड येतात, कमी तापलं तर ती चिकटत नाही. तापलं की पावडरच्या भांड्यात एक फेर मारायचा. भांडंही त्याचं त्यानेच केलेलं. प्लॅस्टिकच्या नळीला तळाशी जाड कागद लावलेला, आणि त्याखाली माशांच्या काचपेटीला लावतात तो हवेचा छोटा पंप. पंप चालू केला की पावडर दुधासारखी उकळते. डोकं बाहेर येतं तेव्हा खरखरीत दिसतं, आणि बघता बघता काचेसारखं गुळगुळीत होतं. दोरी ओवायच्या भोकातला रंग गरम असतानाच सुईने काढायचा. मग सगळी डोकी तारेवर टांगून जुन्या छोट्या ओव्हनमध्ये सुमारे १७५ अंशांवर वीसेक मिनिटं भाजायची. शिसं ३२७ला वितळतं, म्हणजे इथे त्याला धक्का नाही, पण पावडरमधली राळ पक्की होते. मग ते चिऱ्यावर आपटलं तरी रंग उडत नाही. पोपटी, नारिंगी, गुलाबी, पांढरा. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यासाठी पोपटी आणि निवळलेल्या पाण्यासाठी पांढरा, असं गिऱ्हाईकच सांगायचं.

"काकानू, ह्या शिशाक आता कोणाचो हात लागाचो नाय," तो मला कौतुकाने म्हणाला. "वरसून पावडर बसता."

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. तयार जिग हातात धरणाऱ्या गिऱ्हाइकाला शिसं लागत नाही, हे खरंच. पण शिशाचा धोका तयार वस्तूत थोडा आणि ती करण्यात जास्त असतो. वितळलेल्या शिशावरची राखाडी साय वाळली की तिची पूड होते. कानशीने घासताना बारीक कण उडतात. ते कपड्यावर बसतात, जमिनीवर बसतात. आमची पडवी शेणाने सारवलेली. आणि नात नुकती चालायला लागली होती. त्या वयाचं पोर जमिनीवर बसतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलाच्या पोटातून शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट रक्तात जातं, आणि ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. किती शिसं चालतं, याला जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अशी पातळीच ठेवलेली नाही.

हे आमच्या सुनेने ओळखलं. ती नर्सिंग शिकलेली. पुतण्या पावडरचं कौतुक सांगत होता तेव्हा तिने भाकरी थापताना मान वर न करता विचारलं, "वरसून रंग लावलो म्हणान आतलां इख जाता काय?"

तिने मुलीचं रक्त तपासून घेतलं. नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागला. आकडा आला एका डेसिलिटरला ९ मायक्रोग्रॅम. पाच किंवा त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. शरीरातून शिसं ओढून काढायचं औषध ४५च्या वर गेल्यावर लागतं. म्हणजे इथे औषध नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, मूळ काढून टाका, मुलीला पोटभर खायला घाला, लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नका.

त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पुतण्या पडवीत जाऊन बसला. सकाळी उठून त्याने पडवीची वरची माती चार बोटं खणून काढली, ती आणि शिशाची सगळी राख झाकणाच्या पिंपात भरून पिंप बंद केलं. नवी माती घालून सारवलं. काम परड्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथले कपडे तिथेच उतरायचे, आंघोळ करूनच घरात यायचं. शेडमध्ये झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, कारण झाडूने पूड उडते. आत खाणं, पिणं, तंबाखू बंद. पावडर मारतानाही तोंडाला मास्क. सुनेने हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या दाराला लावलं आणि खाली लिहिलं, मुलीला आत आणायचं नाही. आठ महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा ४ होता.

मला तेव्हा आत्या आठवत राहिली. तिला पोटात कळा यायच्या. पन्नाशीनंतर उजवं मनगट उचलेना, हंडा धरता येईना. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, आम्ही ती मिश्रीची समजायचो. पोटशूळ, मनगट पडणं आणि हिरड्यांवरची ती रेघ, ही तिन्ही लक्षणं शिशाच्या विषबाधेच्या कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात एकत्र दिलेली आहेत. तिचं रक्त कुणी तपासलं नाही. तेव्हा तशी तपासणी असते हेही गावात कुणाला ठाऊक नव्हतं. वाडीतल्या सगळ्यांनी मासा खाल्ला, पागाला शिसं मात्र तिने बसवलं.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधी पाखरांमुळे उभा राहिला. इंग्लंडमध्ये नदीतले हंस गळाची हरवलेली शिशाची वजनं खड्यांबरोबर गिळत आणि मरत. म्हणून तिथे १९८७पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी २०००पासून तळ्यांत छोटी शिशाची वजनं आणि जिग बंद केले. पाखरू मेलं तर ते पाण्यावर तरंगतं, लोकांना दिसतं. पडवीत बसून दाताने मणी दाबणाऱ्या बाईचं मनगट कुणाला दिसत नाही.

पुतण्याने धंदा सोडला नाही. सोडून खाणार काय, हा प्रश्न होताच. तो आता हळूहळू कथलाकडे वळतोय. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे भाजताना टिकतं. बिस्मथ आणि कथलाची एक मिश्र धातूही त्याला कुणी सुचवली होती. पण ती १३८ अंशांनाच पातळ होते. पावडर पक्की व्हायच्या आधी ओव्हनमध्ये डोकंच ओघळेल. ती त्याने बाजूला ठेवली. कथलाला अडचणी दोन. एक म्हणजे ते शिशाहून फार महाग. दुसरी म्हणजे ते हलकं. शिसं पाण्याच्या अकरा पट जड, तर कथील सव्वासात पट. तेवढंच वजन हवं तर डोकं मोठं करावं लागतं, आणि मोठं डोकं ओढीच्या पाण्यात सावकाश बसतं. भरतीच्या मध्याला ते तळ गाठेपर्यंत होडकं पुढे गेलेलं असतं. पण भरती-ओहोटी थांबते त्या अर्ध्या-पाऊण तासात ते शिशाहून चांगलं नाचतं, असं त्याचं म्हणणं. सावकाश पडणाऱ्या नाच्यावर तांबोशी लवकर येते म्हणे.

गिऱ्हाईक अजून शिशाचाच मागतं, कारण तो स्वस्त. पुतण्या दोन्ही ठेवतो आणि कथलाच्या पाकिटावर तसं लिहितो. गेल्या हंगामात चार पाकिटांमागे एक कथलाचं गेलं. घरच्या पागाला मात्र आता शिसं नाही. जुने मणी काढून टाकून सुनेने लोखंडी साखळी ओवून घेतली. ती गंजते, दर दोन वर्षांनी बदलावी लागते, आणि फेकताना आवाज जरा जास्त करते. साखळी ओवायला पकड लागते, आणि ती पकड सुनेने स्वतः विकत आणली.